नावाने एलिमेंट शोधताना प्रत्येक ब्राउझर वेगळं उत्तर का देतो?

शेवंती

नमस्कार मंडळी,

खर्चाच्या नोंदी भरायचं एक जुनं पान सध्या माझ्या गळ्यात आलंय. तक्त्यात प्रत्येक खर्चाला एक रांग, रांगेत रकमेची चौकट, आणि सगळ्या चौकटींचं नेम (किंमत सर्व्हरला ज्या नावाने जाते ते) एकच: 'रक्कम'. खाली बेरजेची चौकट. तिचं नेम 'एकूण' आहे, पण मूळ लिहिणाऱ्याने तिला आयडी (पानावरची तिची स्वतंत्र ओळख) मात्र 'रक्कम' असाच दिलाय. 'नवी रांग' बटण दाबलं की जावास्क्रिप्ट खाली एक रांग जोडते.

कोडमध्ये दोन वाटा आहेत. ब्राउझर नवा असेल तर फॉर्म.एलिमेंट्स['रक्कम'], जुना असेल तर डॉक्युमेंट.गेटएलिमेंट्सबायनेम('रक्कम').

तक्रारी अशा:

रांगा दोन किंवा जास्त असल्या की बेरीज बरोबर येते. एकच रांग उरली की बेरीज शून्य. कन्सोलमध्ये एरर नाही, काही नाही.

नव्याने जोडलेल्या रांगा बेरजेत धरल्याच जात नाहीत, आणि सबमिट केल्यावर सर्व्हरलाही जात नाहीत. पण कन्सोलमध्ये गेटएलिमेंट्सबायनेम लिहून बघितलं तर त्या दिसतात!

काही जण हे पान इंटरनेट एक्सप्लोरर ७ च्या सुसंगतता मोडमध्ये (म्हणजे ब्राउझर मुद्दाम त्या जुन्या आवृत्तीसारखा वागतो तो मोड) उघडतात. तिथे बेरीज फुगत जाते. १०० आणि २०० भरले की आधी ३००, दुसऱ्या चौकटीत गेलं की ६००, मग ९००.

तिन्हीचं मूळ एकच असावं असं वाटतंय, पण धागा हाती लागत नाहीये.

कोरापान

नेम सर्व्हरसाठी, आयडी पानासाठी. प्रत्येक चौकटीला स्वतःचा आयडी द्या (रक्कम१, रक्कम२...) आणि गेटएलिमेंटबायआयडी वापरा. विषय संपला.

रानवारा

कोरापान, एकच एलिमेंट धरायचं असतं तर तुमचं बरोबर होतं. शेवंतींना गट हवाय. अनेक एलिमेंटना सारखं नेम असणं हा दोष नाही. रेडिओ बटणांचा गट त्यावरच उभा असतो, आणि एका नावाखाली अनेक किमती सर्व्हरला पाठवायची रीतही तीच आहे. आयडीला आकडे चिकटवले तर मधली रांग काढल्यावर ते आकडे सांभाळत बसावं लागतं.

शेवंती, तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ एक नाही. त्या वेगवेगळ्या आहेत, म्हणूनच जुळत नाहीयेत. 'नावाने शोध' असा एकच शोध ब्राउझरमध्ये अस्तित्वात नाही. गेटएलिमेंट्सबायनेम, फॉर्म.एलिमेंट्स, क्वेरीसिलेक्टरऑल आणि थेट फॉर्म.रक्कम किंवा विंडो.रक्कम असं लिहिणं, हे चार निरनिराळे प्रश्न आहेत. कुठे शोधायचं, काय धरायचं आणि उत्तर कोणत्या रूपात द्यायचं हे प्रत्येकाचं वेगळं ठरलेलं आहे. वेगळा प्रश्न विचारला की वेगळं उत्तर येणारच, आणि आपण मात्र ब्राउझर बदलला म्हणतो.

पहिली तक्रार घेऊ. फॉर्म.एलिमेंट्स['रक्कम'] या एका ओळीचं उत्तर तीन प्रकारचं असू शकतं. एकही चौकट नसेल तर अनडिफाइन्ड. एकच असेल तर ती चौकट स्वतः, म्हणजे इनपुट एलिमेंट. दोन किंवा जास्त असतील तर रेडिओनोडलिस्ट नावाची यादी. तुमच्याकडे बहुतेक असं काही असणार:

फॉर (लेट आय = ०; आय < फॉर्म.एलिमेंट्स['रक्कम'].लेंग्थ; आय++)

एकच रांग उरली की इथे यादी नसते, खुद्द इनपुट असतं. इनपुटला लेंग्थ नाही, म्हणून अनडिफाइन्ड मिळतं. '० < अनडिफाइन्ड' हे फॉल्स. लूप एकदाही फिरत नाही आणि जावास्क्रिप्टच्या दृष्टीने काही चुकलेलंही नसतं, त्यामुळे एरर येत नाही. हे सगळ्या ब्राउझरमध्ये सारखंच होतं.

यापेक्षा घातक प्रकार सिलेक्टचा आहे. सिलेक्टला लेंग्थ असते, पण ती पर्यायांची संख्या असते. एका रांगेत 'प्रकार' नावाचा एकच सिलेक्ट उरला आणि त्यात १२ पर्याय असले, तर तुमचा लूप खुशाल १२ वेळा फिरेल आणि प्रत्येक फेरीत एक ऑप्शन हातात देईल. अशा ठिकाणी आकडे चुकतात आणि कुणाच्या लक्षातही येत नाही.

उपाय सोपा आहे, उत्तर नेहमी यादीच्याच रूपात मागायचं:

अॅरे.फ्रॉम(फॉर्म.एलिमेंट्स).फिल्टर(ए => ए.नेम === 'रक्कम')

शून्य असोत, एक असो, पन्नास असोत, हातात यादीच येते.

आता तिसरी. गेटएलिमेंट्सबायनेम हे डॉमच्या (पानातली एलिमेंट्स स्क्रिप्टला कशी मिळावीत हे ठरवणाऱ्या मानकाच्या) १९९८ च्या पहिल्या पातळीपासून आहे, पण नेमकं काय परत द्यायचं हे बराच काळ धूसर होतं. २००३ च्या दुसऱ्या पातळीत तर असं लिहिलंय की एचटीएमएल ४.०१ च्या पानात त्या नावाची एलिमेंट्स द्यावीत, पण एक्सएचटीएमएल १.० च्या पानात फक्त फॉर्ममधली नियंत्रणं द्यावीत! त्यात जुना इंटरनेट एक्सप्लोरर नेम आणि आयडी यांत फरकच करत नसे. नावाने शोधलं तर तो आयडी जुळणारीही द्यायचा, आणि आयडीने शोधलं तर नेम जुळणारं हाती ठेवायचा. तुमच्या बेरजेच्या चौकटीचा आयडी 'रक्कम' आहे. त्या मोडमध्ये ती बेरजेतली एक रक्कम म्हणून धरली जाते: १०० + २०० + आधीची ३०० = ६००. हिशेब तंतोतंत बसतो. तो आयडी बदला, तक्रार जाईल.

याच कुळातली अजून एक गोष्ट ज्यांनी भोगलीय त्यांना चांगली आठवत असेल. पानाच्या डोक्यावर मेटा टॅग, त्याचं नेम 'डिस्क्रिप्शन'. खाली टेक्स्टएरिया, तिचा आयडी 'डिस्क्रिप्शन'. गेटएलिमेंटबायआयडी('डिस्क्रिप्शन') म्हटलं की आवृत्ती ७ पर्यंत मेटा टॅग हाती यायचा, कारण पानात तो आधी येतो. आवृत्ती ८ च्या स्टँडर्ड्स मोडमध्ये हे सुधारलं. पण सुसंगतता मोड मुद्दाम जुनंच वागणं जपतो, त्यामुळे ती सुधारणा तुमच्या त्या लोकांपर्यंत पोचत नाही.

दुसऱ्या तक्रारीसाठी तक्त्याचं एचटीएमएल दाखवा. फॉर्म नेमका कुठे उघडतो आणि कुठे बंद होतो, ते बघायचंय.

शेवंती

बेरजेच्या चौकटीचा आयडी बदलला. जुन्या मोडमधली बेरीज आता स्थिर आहे. एका रांगेचं कोडं तुम्ही म्हणालात तसंच निघालं, लूप जवळपास शब्दशः तोच होता.

एचटीएमएल असं आहे:

<टेबल>
<फॉर्म आयडी="खर्च">
<टीआर><टीडी><इनपुट नेम="रक्कम"></टीडी></टीआर>
<टीआर><टीडी><इनपुट नेम="रक्कम"></टीडी></टीआर>
</फॉर्म>
</टेबल>

नवी रांग टीबॉडीच्या शेवटी जोडली जाते.

अक्षरवेल

सापडलं. शेवंती, डेव्हलपर टूल्समध्ये एलिमेंट्सचा भाग उघडा आणि त्या फॉर्मकडे बघा. उघडतो आणि लगेच बंद होतो, आत काहीच नाही. त्याच्या खाली टीबॉडी, आणि सगळ्या रांगा त्यात. बरोबर?

शेवंती

अगदी बरोबर! फॉर्म रिकामा दिसतोय. तरीही फॉर्म.एलिमेंट्समध्ये सुरुवातीच्या दोन्ही चौकटी आहेत. हे कसं काय?

अक्षरवेल

हे नीट समजून घेण्यासारखं आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

टेबलच्या थेट आत फॉर्म चालत नाही. एचटीएमएल वाचणाऱ्या पार्सरला तिथे फॉर्मचा टॅग दिसला की तो ती चूक धरतो, पण पान टाकून देत नाही. फॉर्म एलिमेंट तयार करतो, टेबलात ठेवतो आणि लगेच बंद करतो. म्हणून तुम्हाला तो रिकामा दिसतो. मात्र पार्सर एक खूण स्वतःकडे ठेवतो: 'सध्या हा फॉर्म उघडा आहे'. ती खूण फॉर्मचा बंद करणारा टॅग येईपर्यंत टिकते. मधल्या काळात जितकी इनपुट वाचली जातात त्या सगळ्यांचा मालक म्हणून तो रिकामा फॉर्मच नोंदला जातो, मग ती झाडात भले कुठेही असोत.

म्हणजे तुमच्या पानावर दोन वेगळी नाती आहेत. झाडातलं नातं, म्हणजे कोण कोणाच्या पोटात आहे. आणि मालकीचं नातं, म्हणजे कुठली चौकट कुठल्या फॉर्मची आहे. फॉर्म.एलिमेंट्स मालकी बघतं. फॉर्म.क्वेरीसिलेक्टरऑल फक्त झाड बघतं. कन्सोलमध्ये दोन्ही चालवून बघा: पहिलं दोन चौकटी देईल, दुसरं रिकामी यादी देईल. फॉर्म तोच, नाव तेच.

आता नवी रांग. ती पार्सरने वाचलेली नाही, स्क्रिप्टने नंतर जोडलेली आहे. तेव्हा ती खूण केव्हाच पुसली गेलेली असते. मग ब्राउझर मालक ठरवण्यासाठी पूर्वजांमध्ये फॉर्म शोधतो: टीडी, टीआर, टीबॉडी, टेबल... कुठेच फॉर्म नाही. नव्या चौकटीला मालक नाही, म्हणून ती फॉर्म.एलिमेंट्समध्ये येत नाही आणि सबमिटमध्येही जात नाही. गेटएलिमेंट्सबायनेमला मालकीशी काही देणंघेणं नाही, ते अख्ख्या डॉक्युमेंटमध्ये नाव बघतं, म्हणून त्याला ती दिसते.

आणखी एक गोष्ट आत्ताच तपासा. पानावर रांगा क्रमाने लावायची सोय आहे का? रांग झाडातून काढून दुसरीकडे ठेवली तरी पार्सरने जोडून दिलेली मालकी तुटते. मग सुरुवातीपासून असलेल्या रांगाही सर्व्हरला जाणार नाहीत.

शेवंती

सोय आहे. 'तारखेनुसार लावा' असं बटण आहे, आणि 'कधीकधी नोंदी गायब होतात' अशी एक जुनी तक्रारही आहे, जिचा कुणालाच छडा लागला नव्हता. आत्ता करून बघितलं. ते बटण दाबल्यावर फॉर्म.एलिमेंट्स रिकामं!

अक्षरवेल, मनापासून आभार. या तक्रारीवर लोकांनी नेटवर्कपासून डेटाबेसपर्यंत सगळीकडे बोट दाखवून झालं होतं.

अक्षरवेल

फॉर्म टेबलच्या बाहेर काढा, म्हणजे आधी फॉर्म आणि त्याच्या पोटात टेबल. मग झाड आणि मालकी एकच होतात.

दुसरा मार्ग प्रत्येक इनपुटवर फॉर्म="खर्च" असा अॅट्रिब्यूट लिहिण्याचा आहे. प्रत्येक रांगेला वेगळा फॉर्म हवा असेल तर तोच योग्य. पण इंटरनेट एक्सप्लोररने तो कधीच मानला नाही, आणि तुमचे काही लोक जुन्या मोडमध्ये आहेत. तेव्हा तुमच्यासाठी पहिला मार्गच.

निळाई

वाचतेय, छान चाललाय धागा. सुरक्षेच्या बाजूने थोडी भर घालते, कारण रानवारांनी सांगितलेला चौथा प्रकार, म्हणजे फॉर्म.रक्कम किंवा डॉक्युमेंट.काहीतरी असं थेट लिहिणं, त्याबद्दल अजून कुणी बोललं नाही.

फॉर्मवर नाव थेट लिहिलं की ब्राउझर आधी त्या नावाची चौकट शोधतो आणि ती सापडली तर फॉर्मचे स्वतःचे गुणधर्म मागे पडतात. बटणाला नेम 'सबमिट' दिलं की फॉर्म.सबमिट() वर 'हे फंक्शन नाही' अशी एरर येते, कारण फॉर्म.सबमिट म्हणजे आता ते बटण असतं. चौकटीचं नेम 'अॅक्शन' असेल तर फॉर्म.अॅक्शन पत्ता देत नाही, चौकट देतं. नाव बदलता येत नसेल तर एचटीएमएलफॉर्मएलिमेंट.प्रोटोटाइप.सबमिट.कॉल(फॉर्म) असं मागच्या दाराने जाता येतं, आणि पत्त्यासाठी गेटअॅट्रिब्यूट('अॅक्शन').

फॉर्मची स्मरणशक्तीही लांब असते. फॉर्म.रक्कम असं एकदा विचारलं आणि नंतर त्या चौकटीचं नेम बदलून 'किंमत' केलं, तरी फॉर्म.रक्कम तीच चौकट देत राहतो. जुन्या नावांची नोंद फॉर्मने ठेवावी असं एचटीएमएलच्या मानकातच लिहिलेलं आहे. फॉर्म.एलिमेंट्स['रक्कम'] मात्र बदललेलं नाव लगेच मानतं. म्हणजे रांगांना नवी नावं देणाऱ्या पानावर हे दोन प्रकार एकमेकांना खोटं ठरवतात.

डॉक्युमेंटवर हे अधिक गंभीर होतं. फॉर्म, इमेज, आयफ्रेम, एम्बेड आणि ऑब्जेक्ट यांची नेम डॉक्युमेंटचे गुणधर्म म्हणून उघडी पडतात आणि आतल्या मेथडना झाकून टाकतात. कुणी प्रतिसादात नेम="गेटएलिमेंटबायआयडी" असलेली इमेज टाकली आणि तुमच्या साइटने ती तशीच दाखवली, तर त्या पानावर डॉक्युमेंट.गेटएलिमेंटबायआयडी ही मेथड उरत नाही, ती इमेज होते. स्क्रिप्ट टॅग एकही नाही, तरी पान मोडतं. या हल्ल्याला डॉम क्लॉबरिंग म्हणतात. नुसतं पान मोडणं हा त्यातला सौम्य भाग. कोड जर 'विंडो.सेटिंग नसेल तर मूळ सेटिंग घे' असा लिहिलेला असेल, तर आयडी 'सेटिंग' असलेली एक लिंक पेरून हल्लेखोर आपला पत्ता तिथे बसवू शकतो. डॉमप्युरिफायसारखी एचटीएमएल स्वच्छ करणारी लायब्ररी डॉक्युमेंट आणि फॉर्मच्या अंगभूत गुणधर्मांना झाकणारी नेम आणि आयडी आपणहून काढून टाकते, 'सेटिंग'सारखी तुमच्या कोडमधली नावं मात्र नाही. लोकांनी लिहिलेलं एचटीएमएल दाखवणाऱ्या प्रत्येकाने हे तपासावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

कोरापान

हे वाचून माझं मत अजूनच पक्कं झालं. नेमच्या वाटेला जाऊच नये. आणि गट हवाच असेल तर क्वेरीसिलेक्टरऑल('[नेम="रक्कम"]') आहे की. सगळीकडे सारखं चालतं, उत्तर नेहमी यादीच.

रानवारा

क्वेरीसिलेक्टरऑल चांगलंच आहे, मीही बहुतेक वेळा तेच वापरतो. पण 'सगळीकडे सारखं' म्हणताना काही गोष्टी ध्यानात ठेवाव्या लागतात.

ते गोठवलेली यादी देतं. विचारलं त्या क्षणी जे होतं ते. गेटएलिमेंट्सबायनेमची यादी जिवंत असते: नवी रांग आली की त्यात ती आपोआप दिसते, गेली की जाते. बेरजेसाठी दर वेळी ताजा शोध घेणार असाल तर फरक पडत नाही. पण कुणी यादी एकदा व्हेरिएबलमध्ये धरून ठेवली असेल आणि तुम्ही मेथड बदललीत, तर नव्या रांगा पुन्हा गायब. उलट बाजूनेही दगा आहे. जिवंत यादीवर लूप फिरवत प्रत्येकाचं नेम बदललं तर पहिली चौकट यादीतून बाहेर पडते, दुसरी तिच्या जागी सरकते, आणि लूप पुढच्या आकड्यावर गेलेला असतो. एक सोडून एक चौकट तशीच राहते. अशा वेळी आधी अॅरे.फ्रॉम करून घ्यावं.

सर्व्हरच्या सोयीसाठी पुष्कळ ठिकाणी नाव 'रक्कम[]' असं ठेवतात. गेटएलिमेंट्सबायनेमला ते चालतं, त्याच्यासाठी ती नुसती अक्षरं आहेत. सिलेक्टरमध्ये अवतरणचिन्हं विसरलात तर सिंटॅक्स एरर. नाव बाहेरून येत असेल तर सीएसएस.एस्केप वापरा.

आणि शेवंतींच्या पानावर फॉर्मच्या आत क्वेरीसिलेक्टरऑल चालवलं असतं तर काय झालं असतं ते अक्षरवेल यांनी दाखवलंच आहे. रिकामी यादी.

माझा आग्रह इतकाच की फॉर्ममधल्या चौकटी फॉर्मकडूनच मागाव्यात. सर्व्हरला काय जाणार हे मालकी ठरवते, तेव्हा बेरीजही मालकीवरूनच केलेली बरी. पडद्यावरचा आकडा आणि पोचलेला आकडा मग वेगळा पडत नाही.

तिसरीबाजू

रानवारादादा, एक शंका. मी एका डिव्हला डिव्ह.नेम = 'गट' असं दिलं. गेटएलिमेंट्सबायनेम('गट') रिकामं येतं. इनपुटला तसंच दिलं तर सापडतं. हा ब्राउझरचा दोष आहे का?

रानवारा

दोष नाही. इनपुटचा नेम हा गुणधर्म अॅट्रिब्यूटशी बांधलेला असतो, एक बदललं की दुसरं बदलतं. डिव्हला असा गुणधर्मच नाही, म्हणून तुम्ही त्या ऑब्जेक्टवर फक्त एक सुटी किंमत ठेवलीत. डिव्ह.सेटअॅट्रिब्यूट('नेम', 'गट') करा, आजचे सगळे ब्राउझर शोधून देतील. पण डिव्हसाठी नेम वैध नाही. त्यापेक्षा डेटा-गट असा अॅट्रिब्यूट ठेवा.

याची उलटी बाजू जुन्या इंटरनेट एक्सप्लोररमध्ये होती. आवृत्ती ७ पर्यंत क्रिएटएलिमेंटने बनवलेल्या इनपुटला नंतर नेम दिलं तरी ते नीट लागत नसे. नव्या रेडिओ बटणांवर टिचकी मारली तरी ती निवडली जात नसत. त्यावर लोक क्रिएटएलिमेंट('<इनपुट नेम="रक्कम">') असा अख्खा टॅगच कंसासकट द्यायचे. हे आवृत्ती ८ पर्यंत चाललं, ९ च्या स्टँडर्ड्स मोडमध्ये एरर येऊ लागली. शेवंती, तुमच्या 'नवी रांग'च्या कोडमध्ये असं काही ट्राय-कॅचमध्ये गुंडाळलेलं दिसलं तर चकित होऊ नका. ते त्या काळाचं आहे, आणि तुमच्या आवृत्ती ७ च्या मोडसाठी अजून लागेल.

शेवंती

दिसलं! 'हे का आहे माहीत नाही, काढू नका' अशी टिप्पणीसुद्धा आहे वर. आता तिथे खरं कारण लिहून ठेवते.

अक्षरवेल

स्वयंचलित चाचण्या लिहिणाऱ्यांसाठी एक नोंद. सेलेनियममध्ये (ब्राउझर आपोआप चालवणारं साधन) नावाने शोधायची सोय आहे, पण ते ज्यावर चालतं त्या वेबड्रायव्हरच्या मानकात 'नेम' अशी स्वतंत्र पद्धत नाही. सेलेनियम ते आतल्या आत सीएसएस सिलेक्टरमध्ये बदलून पाठवतं. त्यामुळे वर क्वेरीसिलेक्टरबद्दल जे बोलणं झालं तेच इथेही लागू. एकच एलिमेंट मागितलं तर पानातलं पहिलं मिळतं, आणि ते कधीकधी हेडमधला मेटा टॅग असतो! मग 'एलिमेंटवर क्रिया करता येत नाही' अशी एरर येते आणि माणूस वेळ पुरत नसेल म्हणून थांबण्याचे सेकंद वाढवत बसतो. नावाआधी 'इनपुट' किंवा फॉर्मचा आयडी लावला की प्रश्न मिटतो.

शॅडो डॉमच्या (बाकीच्या पानापासून वेगळ्या ठेवलेल्या, एखाद्या एलिमेंटच्या खाजगी झाडाच्या) आत यातलं काहीच आपणहून शिरत नाही. शॅडो रूटवर गेटएलिमेंटबायआयडी आणि क्वेरीसिलेक्टरऑल आहेत, गेटएलिमेंट्सबायनेम नाही. ते फक्त डॉक्युमेंटवर असतं. साध्या एलिमेंटवरही नसतं, त्यामुळे तक्ता.गेटएलिमेंट्सबायनेम असं लिहिलं तर 'हे फंक्शन नाही' असंच ऐकावं लागेल.

तिसरीबाजू

अजून एक. मी नावं मराठीतच ठेवतो, चालतात छान. पण 'पायऱ्या' या नावाची चौकट एका पानावर सापडतच नाही. दोन्हीकडे अक्षरं डोळ्यांना हुबेहूब सारखी दिसतात. मोठी-छोटी लिपी हा प्रश्न तर आपल्याकडे नाहीच.

निळाई

एका ठिकाणी ते 'ऱ' (यू+०९३१), हलन्त, 'य' असं टंकलेलं असणार, आणि दुसरीकडे साधा 'र', हलन्त, मध्ये न दिसणारा शून्य-रुंदीचा जोडक, मग 'य'. पडद्यावर दोन्ही एकसारखे. नावाची तुलना मात्र संकेतांक जसेच्या तसे बघून होते. चारही शोधांमध्ये, सगळ्या ब्राउझरमध्ये. स्ट्रिंगवर नॉर्मलाइझ() चालवूनही हे दोन एक होत नाहीत, कारण युनिकोड त्यांना समतुल्य मानत नाही. दोन्ही नावं कन्सोलमध्ये टाकून त्यांची लेंग्थ बघा, एकाने फरक पडलेला दिसेल. नाव एकदाच कॉन्स्टंटमध्ये लिहा आणि एचटीएमएल व शोध दोन्हीकडे तोच वापरा.

तिसरीबाजू

लेंग्थ ७ आणि ८. जोडकच होता. आभार.

शेवंती

फॉर्म टेबलच्या बाहेर काढला. नव्या रांगा बेरजेत येतात, सर्व्हरला जातात, तारखेनुसार लावल्यावरही टिकतात. ब्राउझर ओळखणाऱ्या दोन वाटा काढून एकच केली: फॉर्म.एलिमेंट्सवर साधा लूप, प्रत्येकाचं नेम तपासून. जुन्या मोडमध्ये अॅरे.फ्रॉम नाही म्हणून ते टाळलं.

एक शेवटचा प्रश्न. पानावर रेडिओचा गट आहे, 'भरणा' नावाचा. फॉर्म.एलिमेंट्स['भरणा'].व्हॅल्यू लिहिलं की निवडलेली किंमत मिळते. काही खात्यांना एकच पर्याय दिसतो, तिथे रेडिओही एकच. तो निवडलेला नसला तरी किंमत मिळते. हे आधीच्या एका रांगेसारखंच का?

रानवारा

तेच. दोन किंवा जास्त रेडिओ असले की रेडिओनोडलिस्टची व्हॅल्यू मिळते, म्हणजे निवडलेल्याची किंमत, आणि काहीच निवडलेलं नसेल तर रिकामी स्ट्रिंग. एकच असेल तर थेट त्या इनपुटची व्हॅल्यू मिळते, आणि ती निवडलेलं असो वा नसो, तीच असते. व्हॅल्यू लिहिलेलीच नसेल तर 'ऑन' मिळतं. जुन्या मोडसाठी तसाच लूप लावून चेक्ड तपासा.

फक्त नव्या ब्राउझरसाठी लिहिणाऱ्यांनी न्यू फॉर्मडेटा(फॉर्म).गेटऑल('भरणा') वापरावं. एक असो की अनेक, यादीच मिळते, आणि न निवडलेले रेडिओ त्यात येतच नाहीत.

कोरापान

फॉर्मडेटा मला पटलं. आत्ता वापरून बघितलं तर मंजूर झालेल्या, कुलूपबंद रांगा त्यात येत नाहीत. फॉर्म.एलिमेंट्समध्ये आहेत.

रानवारा

त्या डिसेबल्ड केलेल्या असतील. डिसेबल्ड चौकटी सर्व्हरला जात नाहीत, म्हणून फॉर्मडेटा त्या वगळतो. फॉर्म.एलिमेंट्स सगळ्या धरतं. रीडओन्ली केल्यात तर बदलता येणार नाहीत आणि दोन्हीकडे दिसतील. सिलेक्टला मात्र रीडओन्ली नाही, त्यासाठी त्याच नावाचं लपवलेलं इनपुट सोबत ठेवावं लागेल. मग एका नावाची दोन एलिमेंट्स होतील, तेव्हा फॉर्म.एलिमेंट्सवर चालणाऱ्या लूपमध्ये डिसेबल्ड असलेली वगळायची अट घाला.